पाच वेळची नमाज आणि समाधानाचा आकडा

तुम्ही विचारलंय ते असं: 'जगात सगळ्यात समाधानी लोक मुस्लिम असतात असं संशोधनात आढळल्याची बातमी वाचली. ती खरी आहे का? आणि खरी असेल तर पाचही नमाजा पढूनही माझं मन भरलेलं का नसतं? माझ्या ईमानातच (श्रद्धेतच) काही कमी आहे का?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अभ्यासांत सापडतं. दुसऱ्याला अभ्यास पुरत नाहीत. तिथे मी समुपदेशक म्हणून वर्षानुवर्षं जे ऐकत आले त्यातून बोलेन. माझ्याकडे येणाऱ्यांत धर्म मनापासून पाळणाऱ्या मुस्लिम बायका-पुरुषांची संख्या मोठी आहे, आणि तुमचा दुसरा प्रश्न त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्याच भेटीत पडलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. धार्मिकता आणि समाधान यांचा संबंध आहे आणि तो बहुतेक ठिकाणी चांगल्या दिशेचाच आहे. पण लोक समजतात त्यापेक्षा तो बराच लहान आहे. आणि इबादत (उपासना) किती होते यापेक्षा ती इबादत माणसाच्या दुःखाला कसं वागवते यावर जास्त काही ठरतं: दुःखाला बसायला जागा देते, की दुःख झालं म्हणून माणसावरच ठपका ठेवते.

आता बातमी. तिचं मूळ जर्मनीत आहे. मानहाइम विद्यापीठातल्या लॉरा मारी एडिंगर-शॉन्स यांनी २०१९ मध्ये दोन मोठ्या सर्वेक्षणांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एकात सात हजारांहून जास्त लोक होते, दुसऱ्यात सदुसष्ट हजारांहून जास्त. त्यांनी मोजलं ते 'एकत्व', म्हणजे जगातलं सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे, एकाच तत्त्वातून आलेलं आहे ही भावना. ज्यांच्यात ही भावना जास्त, त्यांचं जीवनसमाधानही जास्त, असं दिसलं. धर्म कोणता हे हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. शिवाय गटवार सरासरी काढली तेव्हा एकत्वाची भावना मुस्लिमांमध्ये सर्वाधिक आणि नास्तिकांमध्ये सर्वांत कमी निघाली. ही दोन वेगळी विधानं आहेत. वर्तमानपत्रांनी त्यांची बेरीज करून 'मुस्लिम सर्वांत समाधानी' असा मथळा केला, आणि तो अजून फिरतो आहे. तौहीद, म्हणजे अल्लाह एकच आहे हे तत्त्व, हाच ज्यांच्या श्रद्धेचा कणा, त्यांना एकत्वाची प्रश्नावली ओळखीची वाटणारच. त्यावरून जर्मनीतल्या मुस्लिमांचं समाधान मोजलं गेलं असं होत नाही, जगभरातल्या मुस्लिमांचं तर नाहीच.

मग खास मुस्लिमांवर झालेले अभ्यास काय सांगतात? अहमद अब्देल-खालेक या इजिप्शियन मानसशास्त्रज्ञाने कुवेतमध्ये या विषयावर खूप काम केलं. त्यांची पद्धत साधी: तुम्ही स्वतःला किती धार्मिक मानता, किती सुखी मानता, आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, तब्येत कशी आहे, प्रत्येकाला ० ते १० मध्ये गुण द्या. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक गटांत धार्मिकता वाढली की समाधानही वाढलेलं दिसलं. असे आकडे इतरांनाही मिळाले आहेत. पण संबंधाची ताकद बघा. अशा अभ्यासांत सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळून बदलतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) साधारण ०.१ ते ०.३ च्या घरात असतो. ०.२ धरला तर त्याचा वर्ग ०.०४. म्हणजे माणसामाणसांच्या समाधानात जो फरक असतो त्यातला चार टक्के भाग धार्मिकतेशी जुळतो. उरलेल्या शहाण्णव टक्क्यांत तब्येत, झोप, कर्ज, घरातली भांडणं, जन्मजात स्वभाव, काम, एकटेपण असं सगळं बसलेलं असतं. चार टक्के ही क्षुल्लक गोष्ट नाही, या क्षेत्रात कुठल्याच एका घटकाला फार मोठा वाटा मिळत नाही. पण 'नमाज पढतो तरी उदास आहे' यात काही अशक्य घडतंय असं वाटायचं कारण या आकड्यांत तरी नाही.

शिवाय दिशेचा गुंता आहे. ज्याचं मन खचलंय त्याला फजरला (पहाटेच्या नमाजेला) उठणंच जमत नाही, मशिदीत माणसांसमोर जावंसं वाटत नाही. मग कागदावर दिसतं की कमी धार्मिक माणूस कमी समाधानी. उलट कुणी संकट कोसळल्यावरच तहज्जुदला (रात्रीच्या ऐच्छिक नमाजेला) उभा राहू लागतो. मग कागदावर दिसतं की जास्त इबादत करणारा जास्त दुःखी. एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून या दोघांना वेगळं काढता येत नाही.

मला खरा रस आहे तो मोजपट्टीत, कारण तिथे धर्म मानणाऱ्या माणसाची एक अडचण होते जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. समाधान मोजायला जगभर जी प्रश्नावली वापरतात ती मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तयार केली. पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज ५ ते ३५, मध्यबिंदू २०. पहिलं विधान साधारण असं: बहुतेक बाबतींत माझं आयुष्य माझ्या आदर्शाच्या जवळ आहे. आता ज्याचा आदर्श प्रेषितांचं आयुष्य आहे आणि जो रोज इस्तिगफार करतो, म्हणजे अल्लाहकडे माफी मागतो, तो या विधानाला सात गुण कसे देईल? 'मी जवळ पोचलो' असं म्हणणंच त्याला उद्धटपणाचं वाटेल. पाचवं विधान: आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. इथे उलटं होतं. सहीह मुस्लिम या संग्रहातल्या एका हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचनात) सांगितलंय की काही वाईट घडलं तर 'असं केलं असतं तर तसं झालं असतं' असं म्हणू नका, अशा जर-तरमुळे शैतानाला वाट मिळते. ज्याच्या मनात हे लहानपणापासून रुजलंय, तो आयुष्य कितीही ओढगस्तीचं असलं तरी 'काही बदलणार नाही' याला भरघोस गुण देईल. त्याला जे भोगावं लागलं ते आवडलं म्हणून नव्हे, तर तक्दीरीबद्दल तक्रार करायची नाही म्हणून.

तिसरी गोष्ट अजून साधी. 'कसं चाललंय?' या प्रश्नाला 'अल्हम्दुलिल्लाह' (अल्लाहची स्तुती असो) याशिवाय दुसरं उत्तर ज्याच्या तोंडात येत नाही, तो प्रश्नावली भरणाऱ्यापुढेही तेच उत्तर देणार. कमी गुण देणं ही नाशुक्री (कृतघ्नपणा) वाटते. माझ्या खोलीत हे नेहमी घडतं: पहिली दहा मिनिटं अल्हम्दुलिल्लाह, आणि त्यानंतर रडणं. दोन्ही खरं असतं. शुक्र (कृतज्ञता) हा त्या माणसाचा पवित्रा असतो आणि रडणं ही त्याची अवस्था. प्रश्नावलीत मात्र दोघांसाठी एकच रकाना असतो.

अल्जीरियातला एक अभ्यास मला म्हणूनच मोलाचा वाटतो. नव्वदच्या दशकात त्या देशाने भीषण अंतर्गत हिंसाचार सोसला. ओरान विद्यापीठातले हबीब तिलिऊइन यांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांसोबत तिथल्या सुमारे तीन हजार लोकांची पाहणी केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या प्रश्नांतून इस्लामी धार्मिकतेचे दोन भाग पडले: एक नमाज-रोजासारखं आचरण, दुसरा धर्माच्या प्रेरणेने इतरांसाठी काही करणं. समाधानाशी ठळक नातं दिसलं ते आचरणाचं. परोपकाराच्या भागाचं तसं दिसलं नाही.

हे वाचून अनेक जण दचकतात. परोपकारी माणूस सुखी असायला हवा, नाही का? मला त्यात फारसं आश्चर्य वाटत नाही. पाच वेळची नमाज दिवसाला पाच खुंट्या ठोकते. पाणी अंगाला लागतं, पाठ वाकते, कपाळ जमिनीला टेकतं, चार माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. ज्या समाजात उद्या काय होईल याचा भरवसा नाही तिथे अस्रची (दुपारनंतरच्या नमाजेची) वेळ मात्र ठरलेली असते. परोपकारात शरीराला आणि दिवसाला असा आकार मिळत नाही. त्यातून समाधान मिळतही असेल, पण त्याबरोबर दमणूक येते, दुसऱ्याचं दुःख जवळून बघणं येतं.

आचरणामुळे समाधान वाढतं, की समाधानी माणूस आचरण करतो, हे सोडवण्याचा सर्वांत चतुर प्रयत्न अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. फिलिपे कांपांते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांचा रमजानवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. कल्पना अशी: हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दर वर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. विषुववृत्ताजवळ रोजाची लांबी जवळपास तशीच राहते. उत्तरेकडच्या देशांत मात्र हिवाळ्यातला रोजा छोटा आणि उन्हाळ्यातला फार लांब. कुठल्या देशाला कुठल्या वर्षी लांब रोजे येणार हे कुणाच्या ईमानावर वा मनःस्थितीवर अवलंबून नसतं, आकाशातल्या गणितावर असतं. म्हणजे निसर्गानेच प्रयोग मांडून दिला. त्यांना आढळलं की रोजे लांबले की मुस्लिम देशांतली आर्थिक वाढ मंदावते आणि तरीही तिथल्या मुस्लिमांचं स्वतः सांगितलेलं समाधान वाढतं. कमाई कमी, कष्ट जास्त, समाधान जास्त. रोजे धरणाऱ्याला यात नवीन काही नाही. पण समाधानाच्या बाबतीत कारण आणि परिणाम इतक्या स्वच्छपणे वेगळे झालेला दुसरा पुरावा मला ठाऊक नाही.

हजवरही असाच एक अभ्यास आहे. २००६ मध्ये पाकिस्तानात हजसाठी सोडत निघाली. ज्यांचं नाव लागलं आणि ज्यांचं लागलं नाही अशा सोळाशेहून जास्त अर्जदारांची परतल्यानंतर तुलना झाली. हज करून आलेल्यांमध्ये नमाज-रोजे वाढले, तावीजसारख्या स्थानिक प्रथा कमी झाल्या, इतर पंथांबद्दल आणि इतर धर्मीयांबद्दल आपलेपणा वाढला, मुलींच्या शिक्षणाला जास्त पाठिंबा मिळाला. म्हणजे इतक्या मोठ्या इबादतीने बदललं ते माणसाचं जगाकडे बघणं. इबादतीचं मोजमाप फक्त 'किती खूश आहात' यानेच करायचं ठरवलं तर हे सगळं नजरेतून सुटतं.

देशांची तुलना मात्र शक्यतो करू नये. जागतिक आनंद अहवालाच्या २०२४ च्या यादीत कुवेत तेराव्या क्रमांकावर होता आणि अफगाणिस्तान तळाला. दोन्हीकडे धर्म लोकांच्या रोजच्या जगण्यात मुरलेला आहे. फरक तेलाचा, युद्धाचा, भुकेचा आणि बायकांना घराबाहेर पडता येतं की नाही याचा आहे. डीनर, लुई टे आणि डेव्हिड मायर्स यांनी २०११ मध्ये दीडशेहून जास्त देशांची माहिती तपासून दाखवलं की जिथे जगणं कठीण असतं तिथे धार्मिक माणसं इतरांपेक्षा समाधानी असतात, कारण त्यांना आधार, मान आणि जगण्याला अर्थ मिळतो. जिथे परिस्थिती चांगली असते तिथे हा फरक जवळपास पुसला जातो. धर्माला मान असलेल्या समाजातच धार्मिक माणूस जास्त समाधानी दिसतो, असंही इतर अभ्यासांत आलं आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०१२ च्या अहवालात आयुष्यात धर्म फार महत्त्वाचा आहे असं म्हणणारे मुस्लिम तुर्कस्तानात ६७ टक्के होते आणि अल्बानियात १५ टक्के. या दोन ठिकाणी दाढी राखून जमातला (सामूहिक नमाजेला) जाणाऱ्या तरुणाकडे शेजारी एकाच नजरेने बघणार नाहीत. आणि जिथे हिजाबकडे संशयाने बघितलं जातं, तिथे तीच श्रद्धा हिजाब घालणाऱ्या मुलीला बळही देते आणि रोजचा अपमानही तिच्याच वाट्याला आणते. त्या मुलीने समाधानाला पाच गुण दिले तर त्यातले किती श्रद्धेमुळे आणि किती रस्त्यावरच्या शेऱ्यांमुळे, हे कसं सांगणार?

आता तुमचा दुसरा प्रश्न.

हिशाम अबू-राया आणि केनेथ पार्गामेंट यांनी सहकाऱ्यांसोबत २००८ मध्ये मुस्लिमांसाठीच एक मोजमाप तयार केलं. त्यांनी 'किती धार्मिक' हा एकच प्रश्न विचारण्याऐवजी धार्मिकतेचे वेगवेगळे पदर सुटे केले: श्रद्धा, नीतिनियम, कर्तव्यभावना, संकटात अल्लाहचा आधार शोधणं, संकट म्हणजे अल्लाहने दिलेली शिक्षा समजणं, आणि श्रद्धेशी चाललेली आतली झटापट. आधार शोधणं चांगल्या मनःस्थितीशी जुळलं. आतली झटापट मात्र सातत्याने वाईट मनःस्थितीशी जुळली. बाहेरून बघितलं तर दोन्हीकडची माणसं तितक्याच नमाजा पढणारी असू शकतात.

मी रोज जे बघते ते हेच. नोकरी गेली, गर्भ पडला, मुलगा हाताबाहेर गेला. एक माणूस म्हणतो, ही आजमाइश (परीक्षा) आहे, यातून मी एकटा जाणार नाहीये. दुसरा म्हणतो, माझ्या गुनाहांची सजा आहे, माझ्या दुआ वरपर्यंत पोचतच नाहीत. पहिल्याची नमाज त्याला हलकं करते. दुसरा प्रत्येक नमाजेत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्यावर उपाय म्हणून नफिल (ऐच्छिक नमाजा) वाढवतो, म्हणजे पिंजऱ्यातला वेळ वाढवतो. अशा माणसाला घरचे 'अजून इबादत कर' असं सांगतात तेव्हा ते प्रेमाने सांगत असतात, आणि तो आणखी खोल जातो.

'सब्र कर' (धीर धर) हाही तसाच सल्ला. सब्र म्हणजे रडायचं नाही, असा समज इतका पक्का बसलाय की मला अनेकदा कुरआनातल्या हजरत याकूब यांच्याकडे जावं लागतं. मुलगा यूसुफ हरवल्यावर 'सुंदर सब्र' हे शब्द सूरह यूसुफमध्ये (कुरआनातल्या त्या नावाच्या अध्यायात) त्यांच्याच तोंडी आहेत. त्याच सूरहमध्ये पुढे त्यांचे डोळे दुःखाने पांढरे पडल्याचं सांगितलंय. घरचे त्यांना म्हणतात, यूसुफची आठवण काढत काढत तुम्ही झिजून जाल. त्यावर त्यांचं उत्तर: मी माझं दुःख आणि व्यथा अल्लाहपुढेच मांडतो. सब्र आणि शोक एकाच माणसात, आणि तो माणूस पैगंबर. ईमान पक्कं असेल तर दुःख होणारच नाही असं म्हणणाऱ्याला मी इथे थांबवते.

मन नमाजेत लागतं आणि बाहेर आल्यावर विझतं, ही तक्रारही जुनी आहे. हंजला या सहाबींना (प्रेषितांच्या सोबत्याला) वाटलं की प्रेषितांसमोर असताना जन्नत-जहन्नम डोळ्यांपुढे दिसतं आणि घरी बायकामुलांत गेलं की सगळं विसरतं, म्हणजे आपण मुनाफिक (ढोंगी श्रद्धावान) झालो. अबू बक्र म्हणाले, माझंही तसंच होतं. दोघं प्रेषितांकडे गेले. उत्तर मिळालं की नेहमीच त्या अवस्थेत राहिलात तर फरिश्ते रस्त्यात तुमच्याशी हात मिळवतील. काही वेळ याचा, काही वेळ त्याचा. मनाच्या भरती-ओहोटीला इतकी मोकळीक खुद्द परंपरेने दिलेली असताना आपण सतत भरतीच मागतो, आणि ती नसली की स्वतःला नापास करतो.

काहींच्या बाबतीत मात्र हे भरती-ओहोटीचं प्रकरण नसतं, आजार असतो. वजू (नमाजेआधीचं हात-पाय-तोंड धुणं) दहा-दहा वेळा करणं, नियत बरोबर झाली नाही म्हणून नमाज मोडून पुन्हा सुरू करणं, मनात येणाऱ्या घाण विचारांमुळे आपण काफिर झालो की काय या भीतीने झोप उडणं. याला घरात वसवसे म्हणतात आणि बऱ्याचदा परहेजगारी (धर्मनिष्ठा) समजून कौतुकही करतात. बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस सर्वांत भक्तिमान वाटतो. आतून तो पिळवटलेला असतो. वैद्यकीय भाषेत ही विचार-कृती अनिवार्यता, ओसीडी. उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात: शंका आली तरी कृती पुन्हा करायची नाही, अस्वस्थता सहन करायची, ती हळूहळू उतरते. यात धर्म आड येत नाही. शंकेने खात्री मोडत नाही हे फिकहचं (इस्लामी धर्मशास्त्राचं) जुनं सूत्र आहे. समंजस आलिमाने (धर्मपंडिताने) एकदा स्पष्ट सांगितलं की तुझी एकदाची वजू पुरेशी आहे, पुन्हा करू नकोस, तर माझं अर्धं काम होतं.

भक्ती म्हणजे कवच, हा समज मला धोकादायक वाटतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं ७.९ टक्के मुस्लिमांनी सांगितलं, आणि इतर धर्मांच्या गटांच्या तुलनेत त्यांच्यात ही शक्यता जास्त निघाली. आत्महत्या हराम आहे हे त्या सर्वांना ठाऊक असणार. पाहणी करणाऱ्यांनी कारणांकडे बोट दाखवताना भेदभाव आणि मानसिक आजाराबद्दलची लाज यांचा विचार केला. आपल्यात असं होतच नाही, असं म्हणणारं घर मदत मागणाऱ्याला कसं ऐकणार?

थोर धर्मपंडित इमाम गजालींचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण त्यांच्या ईमानावर कुणी बोट ठेवणार नाही. १०९५ मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते, कीर्तीच्या शिखरावर होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्या काळात त्यांची जीभ चालेना, वर्गात शब्द फुटेना, घास उतरेना. हकीमांनी सांगितलं की हे मनातून आलंय. त्यांनी स्वतःची नियत तपासली तेव्हा शिकवण्यामागे नाव आणि मान दिसला. ते सगळं सोडून निघून गेले. प्रत्येकाने घर सोडावं असं मी म्हणत नाही. पण धर्माचं काम दिवसभर करणारा माणूस आतून रिकामा होऊ शकतो, आणि ते कबूल केल्याने तो लहान होत नाही. त्यांच्याही आधी, दहाव्या शतकात वारलेल्या अबू जैद अल-बल्खी यांनी लिहून ठेवलं होतं की शरीरासारखंच मनही आजारी पडतं, आणि कारण माहीत असलेलं दुःख वेगळं, कारण न सापडणारं दुःख वेगळं. आज डॉक्टरकडे जाणं म्हणजे पश्चिमेची नक्कल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सोबतीबद्दल थोडं. धर्मातून मिळणाऱ्या समाधानाचा मोठा भाग माणसांतून येतो. चाइयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांना २०१० मध्ये अमेरिकेतल्या प्रार्थनास्थळांत जाणाऱ्यांमध्ये आढळलं की तिथे जिवलग मित्र असतील तरच जाण्याचा समाधानाशी संबंध दिसतो. तो अभ्यास प्रामुख्याने ख्रिश्चनांचा, पण जमातचं महत्त्व जाणणाऱ्याला तो परका वाटणार नाही. इथे बायकांचा प्रश्न येतो. जमातची नमाज त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि बऱ्याच मशिदींत त्यांच्यासाठी जागाच नसते. मग पुरुषाला आठवड्यातून एकदा तरी माणसं मिळतात, तिला स्वयंपाकघराशेजारचा कोपरा. त्यात पाळीच्या दिवसांत नमाज-रोजे नसतात, आणि रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत ते दिवस आले की अनेक जणी तुटल्यासारख्या होतात. दुआ आणि जिक्र (अल्लाहचं नामस्मरण) तेव्हाही खुले असतात, हे तिला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मी तुमच्या नमाजा मोजणार नाही. मी विचारीन: दुआ करताना ऐकणारा कसा वाटतो, रागावलेला की जवळचा? शेवटचं मनातलं कुणाजवळ बोललात, आणि ती व्यक्ती सल्ला न देता ऐकू शकते का? नमाजेनंतर दोन मिनिटं आपल्या घरच्या भाषेत, पाठ केलेली नव्हे, तक्रारीसकट दुआ करून बघा. नफिल वाढवू नका. थोडं पण नित्य केलेलं अमल (कृती) अल्लाहला सर्वांत प्रिय, ही बुखारी या संग्रहातली हदीस तुम्हाला ठाऊक असेलच. जमातला जात असाल तर सलाम फिरवून (नमाज संपवून) लगेच निघण्याऐवजी कुणाशी तरी बोला.

आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त रोज टिकली असेल, झोप-भूक बदलली असेल, कशातच रस उरला नसेल, तर हे ईमानाचं मोजमाप करणं थांबवून डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांचीही वाट बघू नका, आजच कुणाला तरी सांगा. अल्लाहने असा आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, हेही बुखारीतच आहे. औषध सुरू झालं आणि रमजान जवळ असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. लिथियमसारख्या औषधाचं तसं नाही: दिवसभर पाणी न घेतल्याने त्याचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं, आणि अशा वेळी आजारी माणसाला रोजात सूट आहे. ती सूट घेतल्याबद्दल स्वतःला कमी समजणारे मला दर रमजानमध्ये भेटतात. त्यांना मी सूरह बकरामधली रोजाची आयत पुन्हा वाचायला सांगते. अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवंय, अवघड नको, हे रोजाच्या हुकुमाला लागूनच लिहिलंय.